अकरावं नाव

भोपाळ, ७ फेब्रुवारी १९६०

चि. नीळकंठभावजींना अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, असं दर पत्रात लिहिते. आज लिहवत नाही. विलायत सरकार यंदापासून हिंदुस्थानचं कापड ठरावीक मापानेच आत घेणार म्हणे. आमच्या गिरणीचं कोरं कापड तिकडेच जायचं. चाळीस माग थांबले. विणाई मास्तर म्हणून तुमच्या दादांनाच कमी करायच्या अकरा माणसांची यादी द्यावी लागली. तेव्हापासून ते अर्ध्या जेवणावरून उठतात. मी त्यांना सांगते, हे लंडनच्या मंत्र्यांनी केलं, तुमचा काय दोष? तुम्ही विलायतेतल्याच गिरणीत आहात, खरं काय ते कळवा. आणि स्वयंपाक जमतो, की अजून पावावरच भागवता?

माया आहेच, पत्रं पाठवून ती ताजी ठेवा.

सौ. कमलिनी

बोल्टन, २१ फेब्रुवारी १९६०

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

लढाईनंतरही राष्ट्रकुलातलं, म्हणजे आपलंही, कापड इथे बिनजकात येत राहिलं. इथल्या गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. पुढे निवडणूक आली, तेव्हा विणकरांना सांभाळू असं दोन्ही पक्षांचे उमेदवार आमच्या फाटकावर सांगून गेले. एवढं मंत्र्यांचं.

आता माझं. गेल्या एप्रिलात हिंदुस्थानी कापड रोखा, असा पार्लमेंटला द्यायचा अर्ज आमच्या खात्यात फिरला. तो आणणाऱ्या बाईच म्हणाल्या की तू सही नाही केलीस तरी चालेल, कुणी काही म्हणणार नाही. मी सही केली. तेव्हा मला कायम करायचं चाललं होतं. दादा कुठलं कापड विणवून घेतात ते मला ठाऊक होतं. हे दादांना वाचून दाखवा.

रागावलात तरी आपला म्हणत राहा.

नीळकंठ

भोपाळ, ६ मार्च १९६०

चि. नीळकंठ यास अ. आ.

तुझं पत्र हिने वाचून दाखवलं, मग मी दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, आधी मला हलकं वाटलं. रागवायला घरातलंच माणूस सापडलं.

पण यादीतली दहा माणसं नवी होती. अकरावा गोपीनाथ, चौदा वर्षांचा जुना विणकर. खात्यातल्या दमट हवेवरून तो चारचौघांत माझ्याशी भांडायचा, म्हणून त्याचं नाव मी घातलं. लंडनने अकरा माणसं मागितली होती, गोपीनाथ मागितला नव्हता.

काल कोटऱ्याला त्याच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्याने चहा दिला. म्हणाला, हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी माफी मागितली, तर म्हणाला, माफी घरात नको, मॅनेजरसमोर बोला. मी उठून आलो.

उद्या अकरा वाजता हेच सांगायला मॅनेजरकडे जायचं ठरवलं आहे. मग माझ्या जागेवर कोण येईल, सांगता येत नाही. हिला सांगितलं, ती माझ्या सदऱ्याला इस्त्री करते आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. लोभही तसाच आहे.

काशिनाथ