पोरगी लाजते

धाड,
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप सरस्वतीआत्यास,

अनुपमाचा नमस्कार. इकडे आई-बाबा बरे आहेत. मेथी निघाली, बाजारात भावही बरा लागला. तूही बरीच असशील, कारण माझा फोन कापायले तुझे बोटं बरोबर चालतात. म्हणून हे पत्र.

प्रतीक्षाले पाहायले दिवाळीनंतर पाहुणे येणार, आणि त्याआधी तू तिलेही त्याच क्लिनिकात नेणार, असं कळलं. पोटच्या पोरीले! धन्य आहे बाई तुझी.

मले पाहायले आले तेव्हा मुलाची आई म्हणे, "पोरगी सोन्यासारखी, पण कमरेत भारी हाय." स्वतः पोह्याच्या दोन बश्या हाणल्या तिनं, ते जाऊ दे. तू लगेच मले चरबी काढायले शहरातल्या त्या क्लिनिकात नेलं. "घंटाभराचं काम, संध्याकाळी घरी." गावात सांगितलं, पोरगी शिलाई शिकायले गेली. सुपारी फुटेपर्यंत कोणाले कळू द्यायचं नाही, असं तुझं न् आईचं ठरलं होतं.

घरी आली न् पोट फुगलं. ताप, दम लागे. गावातल्या डॉक्टरनं विचारलं, "काही ऑपरेशन झालं काय?" माझं तोंड उघडायच्या आत तू म्हणाली, "नाही हो, लग्नात जेवण जास्त झालं." त्यानं पोट पाहतो म्हटलं, तर तू म्हणे, "पोरगी लाजते हो." गाऊनच्या आत क्लिनिकानं दिलेला पट्टा पोटाले करकचून बांधलेला. आई पदर तोंडात धरून उभी. त्यानं बिचाऱ्यानं गॅसचं इंजेक्शन दिलं न् आपण घरी आलो.

ताप उतरेना म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं पोट फाडलं तेव्हा समजलं, चरबी ओढायच्या नळीनं आतड्याले भोक पडलं होतं. आत सगळा पू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधीच खरं सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं."

पुढचं तू कधी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. माझी शी आता पोटावर चिकटवलेल्या पिशवीत येते, आत्या. आतडं नंतर जोडू म्हणतात. जोडतील तेव्हा खरं. चारचौघात पिशवी आवाज करते, म्हणून मी चारचौघात जातच नाही. त्या मुलाचं लग्न झालं. पंगतीत तू जेवून आली, हेही कळलं मले. माझ्या जिवाचा तळतळाट झाला त्या दिवशी.

काल प्रतीक्षा आली. मी काही शहाणपण सांगितलं नाही. गाऊन वर केला न् म्हटलं, पाह्य. तिनं टाके पाहिले, पिशवी पाहिली, मग कितीतरी वेळ माझ्याजवळ रडत बसली. आज सकाळी पाहुण्यांले तिनं स्वतःच फोन केला, येऊ नका म्हणून.

ती आता इथंच राहणार. तिले न्यायले आली तर ये. पण तिचा हात धरायच्या आधी तुले माझं पोट पाहा लागीन. मी आता लाजत नाही.

जिचं पोट तू डॉक्टरले पाहू दिलं नाही, ती तुझी भाची,
अनुपमा