बर्निसचा फोन

६ ऑक्टोबर १९८७, मंगळवार

मी बोलून गेले! कुणी नीट विचारलंही नव्हतं.

कॅप्लिंगर, आमच्या कॉमिकचा संपादक, नेहमीसारखा अर्धं सँडविच हातात घेऊन खिडकीपाशी उभा. म्हणाला, "यंदा सगळ्यांचे नायक काळवंडलेत. दारू पितात, हाडं मोडतात, पावसात उभे राहून रडतात. आणि आपला कॅप्टन रिव्हेट? म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देतोय! उन्हाळ्यापर्यंत खप वाढला नाही तर गाशा गुंडाळायचा." आणि मी शहाणी! म्हटलं, "बर्निसनेच त्याला पकडून दिलं तर?"

कॅप्लिंगरने सँडविच खाली ठेवलं. तो ते कधी खाली ठेवत नाही. "गसी, सोन्याची आहेस तू," म्हणाला.

घराचा जिना चढेपर्यंत खुशीत होते. मग आठवलं ती कोण. बर्निस! गोदीच्या फाटकावरची कॉफीवाली. चेहरा झाकलेला कॅप्टन खरा कोण, हे जगात तिला एकटीला ठाऊक, आणि इतक्या वर्षांत तिने ते कुणाला सांगितलेलं नाही. लहानपणी आमच्या बे रिजच्या स्वयंपाकघरात भाऊ खांद्याला टॉवेल बांधून कॅप्टन व्हायचा आणि मी बर्निस. "बर्निस करते काय? कॉफी ओतते!" म्हणून चिडवायचा. मी म्हणायचे, "आणि गप्प बसते."

तिलाच मी आज विकलं. तेही एका शाबासकीसाठी.

८ ऑक्टोबर

आमचा कारभार उलटा. आधी मी गोष्ट थोडक्यात लिहून देते. तेवढ्यावरून मेंडल सगळी चित्रं काढतात. मग त्या काढलेल्या चित्रांवर मी बोलण्याचे फुगे भरते. मेंडल त्सुकरमननीच १९४१ साली कॅप्टनला आणि बर्निसला जन्माला घातलं. हक्क कंपनीचे. म्हातारपणी त्यांना आपलीच माणसं दुसऱ्याच्या हुकमाने काढायला मिळतात, एवढंच.

आज गोष्ट लिहिली. त्या पानासाठी लिहिलं: "बर्निस घाईघाईने फोन करते. त्याच रात्री कॅप्टन सापळ्यात अडकतो." फोन कुणाला करते ते लिहिलं नाही. काय बोलते ते लिहिलं नाही. का लिहिलं नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. लिहिलं असतं तर मेंडलनी पेन्सिल खाली ठेवली असती.

९ ऑक्टोबर

पाकीट टपालात टाकलं. भित्री भागूबाई!

२५ ऑक्टोबर, रविवार

मेंडलनी जेवायला बोलावलं. सगळे बहाणे संपले होते म्हणून गेले. शीप्सहेड बेला त्यांचं घर, खिडकीतून होड्या दिसतात. फ्रीडांना, त्यांच्या बायकोला, आता अगदीच दिसत नाही. पण टेबलावर कुठे काय आहे ते बोटांना पाठ आहे. खारवलेला हेरिंग मासा, राय ब्रेड, बीटचं सार. माझा दंड चाचपून म्हणाल्या, "ही तर काडी झालीय! ऑफिसात उपाशी ठेवतात का गं तुला?"

जेवताना मेंडल रंगात आले. "एक्केचाळीस साली माझा कॅप्टन संपवाल्यांच्या बाजूचा होता, पोरी. मालकाच्या गुंडांना उचलून खाडीत टाकायचा. मग नवा लेखक आला, आणि तोच कॅप्टन युनियनमध्ये कम्युनिस्ट हुडकत हिंडायला लागला! हात माझाच, काढणारा मीच. मग टीव्हीवाल्यांनी त्याला पिवळी चड्डी चढवली. त्यानंतरचा लेखक म्हणजे केस इथपर्यंत! त्याने त्याला मोटरसायकलवर बसवून देशभर रडवत फिरवलं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कॅप्टन म्हणजे भाड्याची खोली. येईल तो आपला रंग देतो. पण बर्निस..." त्यांनी सुरी माझ्यावर रोखली. "टीव्हीवर तिला किंचाळायला लावलं. एकाने तिला बावळट केलं, एकाने तिचं लग्न लावलं. पण तिला तोंड उघडायला कुणी लावलं नाही. एवढी लाज सगळ्यांनी ठेवली."

मी ताटातल्या हेरिंगचे काटे काढत बसले.

मग ते कळलं. मला माहीत नव्हतं, देवाशपथ! फ्रीडा शाळेत शिकवायच्या. बावन्न साली त्यांना चौकशीला बोलावलं. बरोबरीच्या कोणकोण मास्तरणी कम्युनिस्टांच्या सभांना जायच्या, नावं सांगा. फ्रीडांनी एक नाव सांगितलं नाही. नोकरी गेली. पुढे टोप्या शिवल्या, शेजारच्या मुलींना पियानो शिकवला. शाळेत परत कधी पाऊल टाकलं नाही.

"मी बर्निस आधी काढली," मेंडल म्हणाले. "ही नंतर तशी वागली!"

"ऐकलंस?" फ्रीडा म्हणाल्या. "याला वाटतं मी याच्या कॉमिकमधून शिकले. अरे, तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच गप्प बसायची सवय लागली होती मला!" दोघं हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अजून दर महिन्याला वाचून दाखवतो हं मला. बर्निसची पानं दोनदा."

तिथेच सांगायला हवं होतं. फोन कुणाला आहे ते. टेबलावर हात ठेवून, सरळ. त्याऐवजी मी मधाचा केक खाल्ला, दोनदा मागून घेतला आणि वर कृतीही विचारली. शरम वाटते लिहितानासुद्धा.

२ नोव्हेंबर, सोमवार

पानं आली.

बघवत नाही. बर्निस टेलिफोनला बिलगून उभी, एका हातात कॉफीची किटली तशीच, दुसऱ्या हाताने तोंडापाशी आडोसा केलेला. दुकानाच्या काचेपलीकडे कॅप्टनच्या मागावरचे दोन टोपीवाले. तिचे डोळे! मेंडलना वाटलं, ती कॅप्टनला सावध करतेय. पुढच्या चौकटीत कॅप्टन आधीच घराबाहेर पडलाय. बिचारीला उशीर झाला. मी लिहिलेल्या दोन ओळींमधून त्यांनी एवढं सगळं काढलं.

चित्रकार समासात पेन्सिलीने सुचवतात, कोण काय म्हणत असेल ते. मेंडलनी लिहिलंय: "बर्निस: आज येऊ नकोस! ते आलेत!"

३ नोव्हेंबर

कॅप्लिंगरकडे गेले. म्हटलं, नको. बर्निस सावध करते असंच ठेवू, चित्रं तशीच आलीत, गोष्टही चांगली होते.

"मुखपृष्ठ दुसऱ्याकडून काढून घेतलंय, दुकानांना दाखवूनही झालंय," तो म्हणाला. "'बर्निसने दगा दिला!' एवढ्या मोठ्या अक्षरात. गसी, कल्पना तुझीच ना?"

"माझीच."

"मग? नको असेल तर सांग, दुसरा कुणी फुगे भरेल. पण मग त्यापुढचे अंकही त्याचेच."

बाहेर येऊन मी स्वतःला समजावलं की दुसऱ्याने लिहिलं तर आणखी घाण करील. किती सोयीचं! खरं कारण साधं आहे. कॅप्टन मला सोडायचा नाहीये.

४ नोव्हेंबर

मेंडलची समासातली पेन्सिल रबराने खोडली. अक्षरं गेली, दाबाचे वळ राहिले. तिरपं धरलं की अजून वाचता येतं.

फुग्यात लिहिलं: "हो, आज रात्रीच येईल. मागच्या दाराने. माझं नाव मात्र कुठे येता कामा नये."

वाईट म्हणजे, जमलंय. चित्र तेच, रेघ न् रेघ तीच, आणि आता ते घाबरलेले डोळे चोराचे दिसतात. तोंडावरचा हात लबाडाचा दिसतो. एका ओळीत मी त्यांची बर्निस फिरवली. हस्तकलेत पहिला नंबर!

२९ नोव्हेंबर

मेंडलना फोन केला, सांगायचंच असं ठरवून. गारठ्यावर बोललो. त्यांच्या गुडघ्यावर बोललो. फ्रीडा मागून ओरडल्या, "तिला सांग, केकमध्ये कॉफी घालायची राहिली तर घशाखाली उतरणार नाही!" मी हसले. ठेवून दिला.

१२ जानेवारी १९८८, मंगळवार

अंक बाजारात आला. दुपारपर्यंत दुकानांतून संपला, पुन्हा छापताहेत. कॅप्लिंगरने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवला. चाळिशीतला एक वाचक खाली वाट बघत उभा होता. म्हणाला, "मी लहानपणापासून बर्निसवर विश्वास ठेवला. तुम्ही मला मूर्ख ठरवलंत. कमाल केलीत!" त्याला सही हवी होती. त्याच पानावर.

दिली.

१५ जानेवारी

मेंडलचा फोन. कंपनीकडून त्यांचे अंक पोचले.

"निळा जरा गडद छापलाय," म्हणाले. "बाकी ठीक."

"मेंडल, मला तुम्हाला..."

"पुढच्या महिन्याची गोष्ट कधी पाठवतेस?"

बस्स. एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस तोच आवाज कानात वाजेल. आणि फ्रीडा? आता वाचून दाखवतील तेव्हा? ज्या बाईने नोकरी घालवली पण नाव घेतलं नाही, तिला स्वतःच्याच नवऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार. मी काय केलं हे!

२४ जानेवारी, रविवार

फ्रीडांचा फोन. हळू आवाजात. "मेंडल ब्रेड आणायला खाली गेलाय. लवकर ऐक. काल त्याने वाचून दाखवलं. फोनवर बर्निस म्हणते, 'आज येऊ नकोस! ते आलेत!' छान आहे. पण ते वाचताना त्याचा आवाज लटपटला. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. तू काय लिहिलं होतंस?"

सांगितलं. अक्षर न् अक्षर, मागच्या दारासकट. माझं रडू ऐकू जात असणार.

मग म्हणाल्या, "मला कळलंय, हे त्याला कळता कामा नये."

तिकडे दार वाजलं. मेंडलचा आवाज आला, कोण आहे गं? आणि फ्रीडांनी मोकळ्या गळ्याने सांगितलं, "कुणी नाही रे, राँग नंबर!"

फोन ठेवला.