घरचीच मुलगी

आई, परवा जळगावला एका लग्नात दीपनगरची ती मुलगी भेटली. मुलगी कसली, आता माझ्याच वयाची बाई. माझे दोन्ही हात धरून तुझ्या आठवणीनं रडली. मग सहज बोलता बोलता, मला ठाऊकच असेल अशा समजुतीनं, एक गोष्ट बोलून गेली. तेव्हापासून घास गोड लागत नाही मला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि भांडायचं तर आता कागदाशीच.

कॉलेजच्या टेनिस कोर्टावर तू आम्हा मुलींना शिकवायचीस, तिथं तू 'मॅडम' होतीस. मीही तुला मॅडमच म्हणायचं, हा नियम तुझाच. मेहरूणच्या घरून आपण एकाच स्कूटरवर निघायचो आणि कॉलेजच्या फाटकाशी तू मला उतरवायचीस. तिथून तू गाडीवर, मी चालत. दुसऱ्या कुणाचा बॉल नेटमध्ये गेला की म्हणायचीस, "असू दे, पुन्हा." माझा गेला की, "लक्ष कुठंय?" एकदा मे महिन्यात ऊन लागून मला उलटी झाली. बाकीच्या मुलींना तू लिंबाच्या सावलीत बसवलंस. मला म्हणालीस, "तोंड धू आणि ये." मी आले. मला वाटायचं, आई मला पक्की करतेय. एक दिवस याचं काहीतरी होईल. त्या आशेवर मी सगळं गिळत राहिले, आणि गिळताना मला तुझा अभिमानसुद्धा वाटायचा, याचाच आज जास्त संताप येतो.

मग विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी. धुळ्याला, देवपूरच्या कोर्टावर. निवड करणाऱ्यांत तू होतीस आणि आणखी दोन सर. शेवटची जागा उरली होती, ती मला नाहीतर दीपनगरच्या मुलीला. आम्हाला खेळवलं. मी जिंकले, चांगली जिंकले. ती हात मिळवायला नेटपाशी आली तेव्हा हसत होती. तुम्ही तिघं बाजूला जाऊन बोललात, मग तू पुढे येऊन नावं वाचलीस. शेवटचं नाव तिचं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. कोर्टावर पाणी मारणारे नाना माझ्यापाशी आले, म्हणाले, "पोरी, बठ्ठास्नी देखं, तूच जिंकनी. मंग तुले काब्र नही लिधं?" मला का नाही घेतलं, हे मी काय सांगणार होते? परतीच्या एसटीत तू त्या मुलीशेजारी बसलीस. मी मागच्या बाकावर होते, तुझा अंबाडा बघत.

घरी आल्यावर तू हातपाय धुऊन सरळ कळण्याच्या भाकरी थापायला बसलीस. मी दारात उभी राहून विचारलं, "मी जिंकले होते ना?"

"हो."

"मग?"

तू भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस. "तू माझी मुलगी आहेस, तू समजून घेशील. तिला कोण समजावणार?"

मी समजून घेतलं नाही, आई. मी फक्त गप्प बसले, आणि तू त्यालाच समजूतदारपणा म्हटलंस. त्यानंतर मी रॅकेट हातात घेतली नाही. तू एकदाही विचारलं नाहीस, का. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र सांगत राहिलीस, "अभ्यासाकडे लक्ष द्यायचंय तिला."

आता परवा ती काय म्हणाली ऐक. "मी त्याच दिवशी मॅडमना म्हटलं होतं, ती जिंकलीय, तिलाच घ्या, मला वाईट वाटणार नाही. मॅडम म्हणाल्या, राहू दे गं, ती घरचीच आहे."

म्हणजे तिला समजावायची गरजच नव्हती! तिनं आपणहून समजून घेतलं होतं. मग कुणासाठी केलंस हे? त्या दोन सरांसाठी? मॅडमनं आपली मुलगी पुढे ढकलली, असं कुणी चहा पिताना म्हणू नये म्हणून? तुझं नाव स्वच्छ राहिलं. शोकसभेत सगळे तेच बोलले, मॅडमनं कधी आपलं-परकं केलं नाही. खोटं आहे ते. आपलं-परकं तू रोज करत होतीस, आणि त्यात आपली मी होते म्हणून दरवेळी मीच भरडली गेले. लोकांच्या मुलींना त्यांच्या आया होत्याच, वर तूही होतीस. मला कोण होतं?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तू एका वाक्यात उत्तर दिलं असतंस आणि मी पुन्हा गप्प बसले असते.

एक सांगते, घरात अजून कुणाला नीटसं माहीत नाही. लग्नाहून धुळ्याला परतल्यावर मी रॅकेट विकत घेतली. आज सकाळी देवपूरच्या कोर्टावर गेले. हात जड झालाय, धाप लागते, पण बॅकहँड अजून बसतो. पलीकडून खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "काकू, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "माझी मीच शिकले."

म्हणताना फार बरं वाटलं. पुढचे चार बॉल मात्र नेटमध्ये गेले.