खाली फ्लॅश

माय, परवा धावडा गावातल्या एका लग्नात माझा कॅमेरा बंद पडला आणि तेव्हापासून मला चैन नाही. तुला कॅमेऱ्याचं काय सांगायचं, असं वाटून कागद बाजूला ठेवला, परत घेतला. पण सांगितल्याशिवाय सुटका दिसत नाही. तुझा एकही फोटो नाही. तुझ्या लग्नात फोटोवाला नव्हता, आणि मतदानाच्या कार्डासाठी फोटो काढायला माणसं गावात आली त्याच्या आधीच तू गेलीस. फक्त एकदा, कुंभार पिंपळगावच्या लग्नात, तुझ्यावर फ्लॅश पडला होता. तेव्हा फोटो निघाला की नाही, हे मला अजून माहीत नाही.

आधी कॅमेऱ्याचं सांगतो. डिजिटल आहे, म्हणजे त्यात रोल घालावा लागत नाही, काढलेला फोटो पाठीवरच्या काचेत लगेच दिसतो. औरंगाबादच्या एका पेपरच्या फोटोग्राफरने नवा घेतला आणि हा जुना मला विकला. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतला धातू दिसतो. मुठीचं रबर सुटलं होतं, ते मी गोंदाने चिकटवलं. जालन्यातली पोरं नवे हलके कॅमेरे घेऊन फिरतात. मी दिसलो की म्हणतात, "काय भाऊ, वीट घेऊन कुठं? बांधकाम निघालं का?" अंधारात काढलेल्या फोटोत रेघा येतात, फार मोठा केला तर चेहरा फुटतो, आणि मागे आभाळ असलं की धुळीचे ठिपके दिसतात. मी रबरी फुग्याने आत हवा मारतो, तपासतो, परत मारतो. घरातून निघताना पिशवी लावतो आणि बस स्टँडवर ती परत उघडून बघतो. बॅटरी तर म्हातारी झालेली. ती पूर्ण उतरवून मग पूर्ण चार्ज करावी लागते, आणि आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये तिला तेवढी सलग लाइट मिळतच नाही. तरीही मी हाच कॅमेरा घेतला, कारण बटण दाबलं की याचा खटाक असा मोठा आवाज येतो. शेजारी बँड वाजत असला तरी ऐकू येतो. आवाज आला म्हणजे फोटो निघाला. मला तेवढी खात्री लागते.

कुंभार पिंपळगावला मी पहिली-दुसरीत असेन. बापूंच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. तू सकाळपासून बायकांबरोबर पुऱ्या लाटायला बसली होतीस. अक्षता पडल्यावर तू हौदावर तोंड धुतेस, जांभळ्या लुगड्याचा पदर झटकतेस, मला बोटाला धरतेस आणि थेट फोटोवाल्यापुढे जाऊन उभी राहतेस.

"ओ भाऊ, माहा एक काढा की. एकटीचा."

"एकटीचा?" आत्या मागून म्हणते. "आन् आमच्या दादाला कुठं सोडलं?"

"त्ये हायेतच की रोज. फोटोत बी कशाला?"

सगळ्या बायका हसतात. फोटोवाला तुला शाळेच्या भिंतीला टेकायला सांगतो. तुझ्या कपाळाला अजून थोडं पीठ लागलेलं आहे, ते कुणी सांगत नाही. मी फोटोवाल्याच्या गुडघ्याला खेटून उभा आहे. बँड वाजतोय. फ्लॅश पडतो. पुढे कित्येक दिवस त्या गावाहून बाजाराला कुणी आलं की तू विचारायचीस, "अल्बम आल्ता का?" शेवटी तो आला, आत्याकडे बसून आपण पान पान बघितला, आणि तू त्यात नव्हतीस. तू म्हणालीस, "निवडून निवडून लावले असतेन. माह्या तोंडाला पीठ होतं." मग अल्बम मिटलास आणि आत्याच्या हातात दिलास. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि तू गेलीस.

तू चौथीपर्यंत शिकलेली होतीस आणि मला चुलीपाशी बसवून परातीतल्या पिठात बोटाने शब्द लिहायला लावायचीस. एकदा मी 'जीव' पहिल्या वेलांटीने लिहिला. भाकर थापता थापता तू हात थांबवलास. "जीव दुसरा. पहिला लिव्हला तर बुटका व्हतोय." मी रुसलो, तर म्हणालीस, "रुस, पन लिहून रुस." पुढे दहावीला मी गणितात राहिलो, शाळा सुटली, पण वेलांटी सहसा चुकली नाही. अल्बमवर नवरा-नवरीची नावं घालायला आजही दुसऱ्या स्टुडिओवाले माझ्याकडे येतात. 'फ्लॅश' हा शब्द मात्र मी तुझ्यानंतर शिकलो, तो पिठात कधी लिहिला नाही.

दहावीनंतर बापूंनी मला जालन्याला एका स्टुडिओत कामाला लावलं. मालकांना सगळे चाचा म्हणायचे. पहिल्याच मोठ्या लग्नात, रोल संपत आलेला आणि पाहुणे रांगेत उभे, तेव्हा चाचांनी माझ्या हातात कॅमेरा दिला आणि कानाशी म्हणाले, "अब खाली फ्लॅश मार." मी फ्लॅशचं तोंड खाली वळवलं आणि मारला. पाहुण्यांचे जोडे लख्ख उजळले.

"अरे, पाँव का फोटो लेता क्या?" चाचा म्हणाले. "खाली मतलब रिकामा. कॅमेऱ्याचं बटन दाबायचंच न्हाई. फ्लॅशच्या पाठीवर लाल बटन हाय, त्ये दाब. रोल बिदाईला ठेव. ह्यांना उजेड दिला की बस, खूश."

पाहुणे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता मला शाळेच्या भिंतीला टेकलेली तू आठवलीस. पुढे एकदा धीर करून मी चाचांना विचारलं की सगळेच फोटोवाले असं करायचे का. "सगळेच," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे, सगळेच न्हाई." तो कुंभार पिंपळगावचा फोटोवाला अंबडचा होता एवढंच आत्याला आठवतं. अंबडला मी चौकशी केली. दुकान कधीच बंद झालेलं, माणूस कुठे गेला ते कुणाला सांगता येत नाही. तेव्हापासून मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करतो. फ्लॅशबरोबर कॅमेरा वाजला होता का, नंतर रोल पुढे सरकवल्याची करकर आली होती का. दर वेळी मला बँडच ऐकू येतो.

तर परवा धावड्याला, जेवणावळी चालू असताना, कॅमेऱ्याची बॅटरी गेली. फ्लॅशचे सेल वेगळे, ते चालू होते. आदल्या दिवशी लाइट नव्हती, भीती होतीच. लग्नाचे सगळे महत्त्वाचे फोटो झाले होते, म्हणून मी सुटलो असं समजून सामान आवरायला लागलो. तेवढ्यात नवरीच्या शेजारची एक म्हातारी आली आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"ए फोटोवाल्या, माहा एकटीचा काढ. चौघीत माहं तोंड कुनी दिसूच देत न्हाई."

माय, मी तिला सांगणार होतो. पण तिने हनुवटी वर केली, श्वास रोखला, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. माझा अंगठा आपोआप लाल बटणावर गेला. उजेड पडला आणि त्या उजेडात मला ती सगळी दिसली. एक डोळा मोतीबिंदूने भुरका, नाकाशेजारी मस, पडलेले दात लपवायला घट्ट मिटलेलं तोंड. इतक्या वर्षांत मला असं कुणी दिसलं नव्हतं. या जातीच्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो, त्यातूनच समोरचं दिसतं. बटण दाबलं की तो वर उडतो आणि तेवढ्यापुरता फोटोवाल्याच्या डोळ्यापुढे अंधार होतो. फ्लॅश नेमका त्या अंधारात पडतो. चाचांचा रोलचा कॅमेराही असाच होता. म्हणजे फोटो निघाला तर काढणाऱ्याला तो उजेड दिसत नाही, आणि उजेडातलं माणूस दिसलं तर फोटो निघालेला नसतो. चाचांकडे असताना मी कितीतरी खाली फ्लॅश मारले असतील, पण तेव्हा माझं लक्ष रांग कधी संपते इकडे असायचं.

"वाजला न्हाई की," म्हातारी म्हणाली.

"आज्जी, कॅमेरा बंद पडलाय. नुसता उजेड पडला."

"मंग सकाळपून साऱ्या गावाला नुसता उजीडच वाटून राह्यला का तू?"

"न्हाई हो, त्यांचे निघाले."

"आन् माहाच राह्यला." ती हसली, तोंडाला पदर लावून. "उद्या ये. बकऱ्या सुटायच्या आत. म्या कुठं चालले?"

भोकरदनला एका ओळखीच्या दुकानात बॅटरी चार्ज करून मी सकाळच्या गाडीने परत धावड्याला गेलो. म्हातारी तेच लुगडं नेसून दारात बसली होती. खटाक आवाज आला. मी काच तिच्यापुढे धरली. तिने ती हातभर लांब नेली, जवळ आणली, परत लांब नेली.

"ही म्या व्हय? माही माय दिसून राह्यली."

फोटो चांगला आलाय. पण तो निघाला तेव्हा माझ्या डोळ्यापुढे अंधार होता, आणि म्हातारी म्हटलं की मला आदल्या दिवशीचीच आठवते. परतीच्या गाडीत मी सारखा हिशोब घालत होतो. त्या अंबडच्या माणसाने कॅमेऱ्याचं बटण दाबलं असेल, तर कुठल्यातरी डब्यात तुझी निगेटिव्ह पडली असेल. नसेल, तर त्याने तुला त्या उजेडात पूर्ण बघितलं असेल. दोन्हीपैकी एक झालंच असणार. गाडी जालन्याला पोचेपर्यंत हे पुरलं. उतरलो आणि परत तो आवाज आठवायला लागलो.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तरी वेलांट्या तपासल्या. 'जीव' दुसराच आहे. एकच राहिलं. आई कशी दिसायची असं कुणी विचारलं की मी शाळेची भिंत सांगतो, जांभळं लुगडं सांगतो, कपाळावरचं पीठ सांगतो. वरही तसंच लिहिलं. ते सगळं आत्याने सांगितलेलं आहे. फ्लॅश पडला तेव्हा मी तुझ्याकडे बघत नव्हतो माय, मी त्या दिव्याकडे बघत होतो. नंतर बराच वेळ डोळ्यापुढे हिरवा ठिपका नाचत राहिला, आणि तू मला हाताला धरून जेवायला नेलंस तेव्हा वर बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागीही तोच होता.