लिंबांखालची तुळस

नाहूर,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप धाकूकाका,

नाहूरहून रुचिराचा नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत. आईचा गुडघा आता कमी दुखतो. माझी वांद्र्याची नोकरी बरी चालली आहे, लोकांच्या गच्च्यांवर बागा लावून देते. फोन केला असता तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवला असता, म्हणून लिहिते. तुमची लिंबांची बाग कशी आहे? झाडांखाली अजून तणनाशक मारता का?

विचारण्याचं कारण सांगते. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी आणि शेजारच्या गुणाजीकाकांनी आमच्या इमारतीमागे लिंबाची आठ झाडं लावली. दोघं ती जागा खळ्यासारखी राखायचे. रोज सकाळी झाडू, एक पान पडलेलं चालायचं नाही. पण लिंबाची बारीक मुळं अगदी वरच्यावर असतात, काका. झाडून झाडून ती उघडी पडली, उन्हानं करपली. पानं पिवळी झाली, आणि फळं वाटाण्याएवढी असतानाच गळू लागली.

मी म्हटलं, खाली काहीतरी दाट लावू या, माती झाकलेली राहील. जूनमध्ये खोडांपासून दोन विती सोडून पुदिना लावला. गुणाजीकाकांनी तो दुसऱ्याच सकाळी उपटला, धुतला आणि आईला आणून दिला. "चटणी कर, वहिनी. आणि ह्या पोरीक सांग, झाडाखाली रान वाढवू नको. लोक म्हणतील, मालवणची माणसं आणि आंगण झाडूक येना नाय."

चटणी चांगली झाली होती.

मग मी सब्जा पेरला, दिसायला अगदी तुळशीसारखा. तो टीचभर वाढला, आणि एका सकाळी खिडकीतून बघते तर गुणाजीकाका चपला काढून उभे, झाडू काखेत. बाबा त्यांना दटावत होते, "गुणाजी, तुळशीर झाडू मारतलस?" गुणाजीकाकांना मोतीबिंदू आहे, त्यांची चूक होणं समजू शकते. बाबाही फसले, असं वाटलं. घरातली पहिली पदवीधर मी, खरं सांगायला हवं होतं. पण सब्जा वाचत होता, म्हणून मी सांगितलं नाही. तेव्हापासून गुणाजीकाका रोज आंघोळ करून आठही झाडांना तांब्याभर पाणी घालतात आणि तिथे पाय टाकत नाहीत.

आता खाली हिरवं दाट झालंय. बोट खुपसलं की माती गार लागते, मंजिऱ्यांवर मधमाश्या असतात, फळ टिकतंय. यंदा पाऊसही लांबला, त्यामुळे सगळं श्रेय सब्ज्याला देणार नाही. खरी परीक्षा मे महिन्यात. पण माती झाकली की झाड सुखी राहतं, एवढं मला पटलंय.

गेल्या रविवारी बाबा मंजिऱ्या चोळून बी काढत होते. मी धीर करून म्हटलं, "बाबा, ती तुळस नाहीये."

"माका शिकवतंस? सब्जो तो. आमच्या आवशीन परसात लावललो."

"मग गुणाजीकाकांना का..."

"त्येका सांगू नको. रोज पाया पडता बिचारो." मग हात न थांबवता म्हणाले, "धाकू लहान आसताना हेच बी दुधात घालून मागी."

काका, इतक्या वर्षांत तुमचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं.

मला दापोलीला शेती शिकायला पाठवायचं ठरलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "पोरगी शिकून कोणाची शेती करतली?" बाबा भरल्या ताटावरून उठले. मी दाराआड होते. मला राग नाही. प्रश्न खरा होता, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आहे. तुमची.

मला बागेतली एक ओळ द्या. तिथे औषध मारू नका, बाकी मी बघते. मार्गशीर्षात येईन म्हणते. एकटी नाही, बाबांना घेऊन. त्यांना अजून विचारलेलं नाही.

पत्र कोणाला लिहितेस, हे त्यांनीही विचारलं नाही. पण पत्ता घालून ठेवलेलं पाकीट आत्ता उचललं तर जड लागलं. आत कागदाची पुडी आहे, दोऱ्यानं बांधलेली, गिरणीतली त्यांची ती गाठ मारून. सब्ज्याचं बी. एका ओळीला लागतं त्याहून कितीतरी जास्त.

थोडं दुधात घालून बघा.

तुम्हा दोघा भावांची,
रुचिरा