गुरुवारची धाकटी

गुन्सान, १५ मार्च, शुक्रवार

सोदाम,

काल गुरुवार होता. सकाळी सातला उठले, मोड आलेल्या सोयाबीनचं सूप गरम केलं, भात खाल्ला. साडेदहाच्या बसने आजीच्या रुग्णालयात गेले, एकपर्यंत परत आले. दुपारी मिरचीचं बी ट्रेमध्ये पेरलं. बाकी विशेष काही नाही. माझी तब्येत ठीक आहे. तुझीही असेल असं धरून चालते.

ओसोंगला परत गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. रागावली आहेस, ते कळतं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

एक काम होतं. तुझ्या आईचं घर आवरताना किमचीच्या फ्रिजमध्ये मुळ्याच्या डब्यामागे निळ्या औषधाच्या सहा छोट्या बाटल्या सापडल्या. पेप्टाइडच्या, कातडी तरुण करायला चेहऱ्याला लावतात त्या. त्यातली एक मी वापरायला घेतली. पुढे आणखी लागतील. तू त्याच कामात आहेस, तुला मिळत असतील. शेतातल्या उन्हाने माझी कातडी फार रापली आहे, बाकी काही नाही.

एवढं लिहून मी उठले, भांडी घासली आणि परत येऊन बसले. खरं काय ते लिहिते.

तुझी आई गेली हे आजीला सांगायचं नाही, असं आपण दोघींनी ठरवलं. लेक आपल्याआधी गेली हे शहाऐंशीव्या वर्षी कुणी का ऐकावं? पण तुझी आई मीरान दर गुरुवारी तिच्याकडे जायची, चेहऱ्याला क्रीम चोळून द्यायची. मी मात्र रविवारी संध्याकाळी सातला फोन करायची आणि सणावारी जायची. गेल्या रविवारी फोनवर आजी म्हणाली, "धाकटी या गुरुवारी आली नाही. सर्दी झाली म्हणतेस, पण तिला सर्दी कधी होते? पुढच्या गुरुवारी पाठव."

म्हणून काल मी गेले. मीरानचं जाकीट घालून, तिची क्रीमच्या नमुन्यांची पिशवी घेऊन. आवाज आम्हा बहिणींचे सारखेच. तुझे बाबा होते तोवर तेसुद्धा फोनवर फसायचे. आजीला आता फक्त कडेकडेचं दिसतं, मधे सगळं धुकं. पण ती हाताने बघते, हे मी विचारात घेतलं नव्हतं. माझ्या बाबतीत तिने तसं कधी बघितलंच नव्हतं. मी नेहमी खुर्ची हातभर लांब ओढून बसायचे.

तिची बोटं कपाळावरून गालावर आली आणि थांबली.

"काय गं धाकटे, जगाला मलमं विकतेस आणि स्वतःचा चेहरा पायपुसण्यासारखा?"

"सर्दीमुळे, आई."

"सर्दी नाकाला होते, गालाला नाही."

आजीची देखभाल करणाऱ्या चोईबाई खाटेपाशी उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत आहे. त्या पटकन म्हणाल्या, "आजी, चांभाराच्या पायात जोडे असतात का कधी?" आजी हसली. मी वाचले. पण हे दर गुरुवारी चालणार नाही.

तुझी आई गिऱ्हाइकांना काय सांगायची, आठवतं? "काकू, ही बाटली म्हणजे चिठ्ठ्या आहेत. कातडी म्हातारी झाली की कामं विसरते. रोज एक चिठ्ठी पाठवायची, ऊठ बाई, कामाला लाग. म्हातारीला वाचायला वेळ लागतो, पण ती वाचते." एकदा तिने मलाही सांगितलं होतं. मी म्हणाले, तुझी विक्रीची बडबड माझ्याकडे नको. तिने बाटली पिशवीत परत ठेवली.

पुढच्या गुरुवारपर्यंत थोडा तरी फरक पडेल का? तू शिकलेली आहेस. एखादा जोराचा प्रकार असेल तर तो पाठव.

इन्सुक मावशी

*

गुन्सान, ५ एप्रिल, शुक्रवार

सोदाम,

आज सकाळी वारा होता. रोपांवर प्लास्टिक घातलं. दुपारी देवळात जाऊन आले. मीरानची दर सातव्या दिवसाची पूजा, एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंतची, नीट चालू आहे. कालचा गुरुवार मी गेले नाही. त्याच्या आधीचाही नाही.

तुझं पार्सल वीस तारखेला मिळालं. आत बाटल्यांबरोबर पत्र नव्हतं, फक्त चिठ्ठी. "दिवसातून दोनदा, तीन थेंब. फरक दिसायला बारा आठवडे. आम्लाबरोबर लावू नये." तीनच ओळी, पण अक्षर तुझं होतं. मी ती चिठ्ठी आरशाला लावली आहे.

एकवीस तारखेला मी गेले होते. आजीने गालावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला ते पायपुसण्यापेक्षा वाईट वाटलं.

बारा आठवडे म्हणजे जून. पस्तीस वर्षं गणित शिकवलं मी, पण मला जून परवडणार नव्हता. मी तिनाचे सहा थेंब केले. मग चार वेळा लावायला लागले. मग औषधांच्या दुकानात जाऊन वरची कातडी सोलून काढणारे आम्लाचे बोळे मागितले. दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, या वयात एवढी घाई? कुणी बघायला येणार आहे की काय?"

"हो," म्हटलं, "गुरुवारी."

ती हसली. मीही हसले असेन.

तुझी तिसरी ओळ मी वाचली होती. वाचली नव्हती असं म्हणणार नाही. मला वाटलं, वरचा जुना थर निघाला की चिठ्ठ्या लवकर पोचतील. बोळ्याने चेहरा पुसला आणि त्यावर लगेच निळं औषध चोळलं. तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी सकाळी गाल लाल होऊन सुजले होते. मग फोड आले, आता खपल्या निघत आहेत. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलंय. "कातडी जिवंत असते हो, तिला गृहपाठ देऊन चालत नाही," म्हणाले. मी शिक्षिका होते हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

दोन्ही गुरुवारी मी मीरान बनून फोन केला. कंपनीचं प्रशिक्षण आहे, सोलला आले आहे म्हणाले. आणि रविवारी मी, मी म्हणून फोन केला. आजी म्हणाली, "धाकटी मला टाळते आहे. तिला काही झालंय आणि ती सांगत नाही. तू मोठी आहेस ना? लक्ष ठेव तिच्यावर."

ठेवते, म्हणाले.

सोदाम, मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभीच राहिले. भात करपला तरी कळलं नाही. मला कुणाला तरी विचारायचंय की हे किती दिवस पुरवायचं, आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही. तुझा चेहरा तुझ्या आईसारखा आहे. तू एक गुरुवार जाशील का, असं मी लिहिणार होते. नाही लिहीत. लेकीला आईचं सोंग घ्यायला सांगण्याइतकी मी अजून घसरलेली नाही. पण मनात आलं होतं, ते तुला कळलेलं बरं.

तू का रागावली आहेस, हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी लिहीन.

इन्सुक मावशी

*

गुन्सान, १९ एप्रिल, शुक्रवार

सोदाम,

काल सकाळी सहालाच उठले. पेज केली, पण खाल्ली नाही. साडेदहाच्या बसने गेले. परतताना माझा थांबा चुकला, पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले. पोचायला दोन वाजले. बाकी काही केलं नाही.

आधी तुझं.

मीरानला शवपेटीत ठेवण्याआधी आपल्याला आत बोलावलं होतं. तिचा चेहरा धुऊन झाला होता. अंत्यविधीच्या गृहस्थांनी विचारलं, घरच्यांपैकी कुणाला हात लावायचा आहे का. तू पर्समधून तिचीच बाटली काढलीस आणि तिच्या चेहऱ्याला लावलंस. हनुवटीपासून वर, ती लावायची तसंच. मग म्हणालीस, "मावशी, तू पण ये." मी भिंतीशी उभी राहिले. तू दुसऱ्यांदा हाक मारलीस. मी छताकडे बघत होते.

तुला वाटलं, मला किळस आली किंवा भीती वाटली. तसं नव्हतं. मीरानने शाळा सोडली त्याच वर्षी मी शिक्षकांच्या कॉलेजात गेले. घरात एकीचीच फी होती. ती सतराव्या वर्षापासून क्रीमची पेटी घेऊन लोकांचे जिने चढत राहिली, आणि मी शाळेत बाई झाले. तिने मला याचं कधी काही ऐकवलं नाही. फक्त दर नव्या वर्षाला एक बाटली आणायची, आणि मी ती न फोडता कुणाला तरी देऊन टाकायची. त्या दिवशी मला वाटलं, आता हिच्या चेहऱ्याला हात लावायचा माझा काय हक्क? एवढंच होतं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता कालचं.

चेहरा बराचसा भरून आला आहे. खपल्या गेल्या, पण हाताला खरखरीत लागतो. आजी उठून बसली होती. मी खाटेवरच बसले, तिने दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या बे आजी म्हणाल्या, "परवा सून देवळात गेली होती. तुमच्या लेकीचे दिवस चाललेत म्हणे तिथे. फार वाईट झालं हो." त्यांचा काही दोष नाही. नवीनच आल्या आहेत. दोन लेकींपैकी कोण, ते त्यांना माहीत नव्हतं.

चोईबाईंच्या हातातलं ताट वाजलं.

आजीचे हात तसेच होते. "कोण गेलं?" तिने विचारलं.

मी मीरान होते. मीरान तिच्या हातात होती. मग एकच उत्तर उरत होतं.

"ताई," मी म्हणाले. "ताई गेली, आई. मार्चच्या चार तारखेला. डोक्यात रक्तस्राव झाला. त्रास झाला नाही."

ती रडली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली. बे आजी पुटपुटत आडव्या झाल्या. मग तिने विचारलं, "पेटी बंद करताना तिच्या चेहऱ्याला काही लावलं का?"

"लावलं."

"कुणी?"

"सोदामने."

"पोरीने? बरं केलं." मग म्हणाली, "आणि तू?"

मला खोटं बोलता आलं असतं. महिनाभर तेच तर करत होते.

"मी भिंतीशी उभी होते, आई."

तिने माझं मनगट शोधलं आणि धरलं. जोरात नाही. म्हणाली, "तुला कुणी शिकवलंच नाही. माझे हात एकीच्याच वाट्याला आले. घरी जा आणि तोंडाला काहीतरी लाव. किती कोरडी झाली आहेस. पहिल्यापासून कोरडीच."

निघताना ती म्हणाली, "रविवारी फोन करशील ना?"

"करीन," म्हणाले, आणि दारापर्यंत आले. चोईबाई सोबत आल्या. मी विचारलं, तिला काही कळलं असेल का? त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? मी अंथरूण बदलते, मनं वाचत नाही." पण डोळे पुसत होत्या.

बस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. मीरान रविवारी कधीच फोन करायची नाही. रविवारचा फोन माझा. आणि चार मार्चनंतरच्या प्रत्येक रविवारी सात वाजता मी तिला फोन केला होता. मेलेल्या ताईने सहा फोन केले. गणिताच्या बाईंनी एवढी बेरीज केली नव्हती. आजीने माझ्या गालावर हात ठेवून तिथल्या तिथे केली.

थांबा तेव्हाच चुकला.

परवा रविवारी मीरानचा एकोणपन्नासावा दिवस. सकाळी दहाला देवळात ये. रागावलेली असलीस तरी ये, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. संध्याकाळी सातला आजीला फोन करायचा आहे. मी माझ्या नावाने करीन आणि काय झालं ते माझ्या तोंडाने सांगेन. तिला माहीत आहे, पण तिला ते कुणीतरी सांगायला हवं. तू शेजारी बसलीस तर माझा आवाज टिकेल.

हे लिहिताना सकाळचे नऊ झाले. पत्र स्पीड पोस्टने टाकते, म्हणजे उद्या मिळेल. पाकीट बंद करण्याआधी तोंड धुतलं. तुझी चिठ्ठी अजून आरशावर आहे. डॉक्टरांनी कालपासून परवानगी दिली आहे. तुझ्या आईच्या सहा बाटल्यांपैकी शेवटची फोडली, तीन थेंब घेतले, तीनच, आणि हनुवटीपासून वर लावले, आधी डाव्या गालाला, मग उजव्या.

तुझी,
इन्सुक मावशी. आजीची थोरली.