सोंगाचे पाय

प्रिय दादा,

तुला हसू येईल, पण टीव्हीच्या नावाने बोटं मोडणारे आपले बाबा हल्ली रोज सकाळी मला विचारतात, चित्र साफ झालं का? यंदाच्या बोहड्याच्या जत्रेतल्या मुखवट्यांच्या नाचाचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकलाय, चांगला फोर-के. गुडघ्यामुळे बाबांना बोहड्याला जाता आलं नाही, अंगणात बसून नुसता संबळ ऐकला. पंढरीकाका सांगतो, आपल्या घरचं वेताळाचं सोंग मीच नाचलो. बाबांना ते पटत नाही. कोण नाचलं ते त्यांना बघायचंय, आणि तोंडावर मुखवटा, म्हणजे बघायचे ते पायच. तुझ्या-बाबांच्या भांडणानंतर घरात तुझं नाव निघत नाही, त्यामुळे संशय कुणाचा हे ते बोलले नाहीत.

मी टीव्हीला लावायचा तो छोटा डबा आणला. तर काय, वेताळ दोन पावलं टाकून थबकायचा आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. क्वालिटी उतरवली की सुरळीत चालायचं, पण पायांच्या जागी नुसता धुरळा. शेजारची चंदना म्हणाली, एवढ्यावर भागव की. मला कुठलं भागतंय! रेंज येते त्या खिडकीत फोन टांगून हॉटस्पॉट दिला. चक्र थांबलं, तर पडदाच मधूनमधून काळा व्हायला लागला. डबा बंद-चालू केला, अपडेट केला, केबल या भोकातून त्या भोकात घातली. शेवटी चोर सापडला. काटकसर म्हणून मी जुन्या डिशची केबल लावली होती, तिला एवढं मोठं चित्र झेपत नव्हतं. जव्हारहून नवी आणली.

काल दुपारी लावलं आणि दादा, घुंगरांच्या दोऱ्यासुद्धा दिसाव्यात इतकं स्वच्छ! पंढरीकाका उजवं पाऊल घासत टाकतो. हा वेताळ टाच उचलून नाचत होता, बाबांनी तुला अंगणात शिकवलं तसा. आणि उजव्या पायाची करंगळी तुझ्यासारखीच बाहेर वळलेली. तू गावात आलास, नाचलास आणि घरी न येताच गेलास! मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला, की काय करावं सुचेना.

बाबांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. डोळे पुसले आणि म्हणाले, पत्र लिही. तुझा नंबर आमच्याकडे नाही, पण पंढरीकाकाच्या हातात दिलं की पोचेल, हे आता कळलंय. बाबांचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते: गिरकीला पोराचा तोल जातोय. घरी ये म्हणावं, शिकवायचं राहिलंय माझं.

तुझीच चिवट बहीण,
गौरा